चेहरा सारखा, माणूस वेगळा



जुळ्या भावांचा किंवा जुळ्या बहिणींचा सिनेमा आपल्या माणसांना फार आवडतो. १९६७ साली 'राम और श्याम' आला आणि एकाच तिकिटात दोन दिलीपकुमार पाहायला मिळाले. १९७२ साली 'सीता और गीता'मध्ये हेमामालिनीने तोच खेळ बहिणींचा करून दाखवला. पुढे १९८९चा 'चालबाज', १९९०चा 'किशन कन्हैया', १९९७चा 'जुडवा' असे ते चालूच राहिले. एक भित्रा, दुसरा धीट. धीट तो भित्र्याच्या जागी जाऊन बसतो, दुष्टांना चोप देतो आणि प्रेक्षक शिट्ट्या वाजवतो. यात वाईट काही नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला तीन तास हसू द्यावे.

पण घरी आल्यावर एक प्रश्न आपल्या लेकीबाळींसमोर काढायला हवा. 'राम और श्याम'मध्ये अंजनाची सोयरीक रामासाठी आलेली असते. पाहण्याच्या कार्यक्रमात भित्र्या रामाची फजिती होते. पुढे तिला भेटतो तो श्याम. ती त्याला रामच समजते आणि त्याच्या प्रेमात पडते. तिकडे खेड्यात शांता रामाला श्याम समजून बसते. शेवटी ज्याची त्याला मिळते आणि पडदा पडतो. सगळे खूश. पण अंजनाला कोणी विचारले का, की बाई, तू होकार कोणाला दिला होतास? नावाला, चेहऱ्याला, की समोरच्या माणसाला? सिनेमात हा प्रश्न विचारायला वेळ नसतो. संसारात मात्र तो विचारावाच लागतो, कारण संसार तीन तासांत संपत नाही.

या सिनेमांतली एक गोष्ट लक्षात घ्या. अंजनाने ज्याच्याशी गप्पा मारल्या, ज्याचा धीटपणा तिला आवडला, तो माणूस तिच्यासमोर खराच होता. खोटे होते ते फक्त नाव. म्हणून खरे कळल्यावर तिचे प्रेम मोडत नाही. याच्या उलट प्रकारही असतो. त्यात नाव खरे असते, चेहरा ओळखीचा असतो, पण त्या चेहऱ्यामागचा माणूस दुसराच असतो. पहिल्या प्रकारात निदान रागावून माफ करायला जागा असते. दुसऱ्या प्रकारात त्या बाईचा होकारच चोरलेला असतो.

हे कोणी कल्पनेतले समजू नये. २०२२ साली लातूरमध्ये एका विवाहितेने पोलिसांत तक्रार दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. नवऱ्याचा जुळा भाऊ नवरा असल्याचे भासवून आपल्याजवळ येत राहिला, असे तिच्या तक्रारीत होते. तिला संशय आला, तिने घरात सांगितले, तर घरच्यांनी तिची बाजू घेतली नाही, असेही तिचे म्हणणे होते. तक्रार म्हणजे निकाल नव्हे, हे खरे. तरी त्या बातम्या वाचून आपल्याकडे पहिला प्रश्न काय विचारला गेला? "बायकोला स्वतःचा नवरा ओळखू येत नाही का?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी जरा आपल्याच घराकडे पाहावे. आपल्याकडे पाहण्याच्या दिवशी मुलगी मुलाला किती वेळ पाहते? मान खाली घालून चहाचा ट्रे पुढे करायचा, दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची, आत जायचे. मग साखरपुडा, मग लग्न, मग एका खोलीच्या घरात सासू, सासरे, दीर, नणंदा. नवरा पाळीवर. रात्री दिवा मालवल्यावर जो जवळ येतो तो नवराच असणार, हा तिचा विश्वास असतो. विश्वास ठेवला हा तिचा गुन्हा कसा? गुन्हा ज्याने तो विश्वास वापरला त्याचा. आणि घरात ज्यांना माहीत होते व जे गप्प बसले, तेही त्याचे वाटेकरी.

जुळी दोन प्रकारची असतात, हे आयाबायांना ठाऊक आहे. दोन वेगळ्या बीजांपासून झालेली जुळी ही एरवीच्या भावंडांइतकीच सारखी असतात. एकच बीज फुटून झालेली जुळी मात्र हुबेहूब दिसतात. अशी जुळी जगभर साधारण हजार बाळंतपणांत तीन-चार वेळा होतात. त्यांचा डीएनए जवळजवळ एकच असतो. म्हणजे अशा फसवणुकीतून मूल झाले, तर बाप यांतला कोण हे नेहमीच्या डीएनए चाचणीने सांगता येत नाही. पण हाताच्या बोटांचे ठसे दोघांचे वेगळे असतात, डोळ्यांच्या बाहुलीभोवतीची नक्षीही वेगळी असते. निसर्गानेसुद्धा दोन माणसे दोनच ठेवली आहेत. आई तर त्यांना चालीवरून, खोकल्यावरून, भाकरी मोडण्याच्या पद्धतीवरून ओळखते. जुळे असणे हा दोष नाही आणि जुळ्यांच्या घरी मुलगी देऊ नये असा अर्थही कोणी काढू नये. दोष खोटेपणाचा आहे, आणि तो करायला जुळेच असावे लागते असे नाही.

आपल्याच समाजात जुनी माणसे सांगतात, दाखवायची धाकटी आणि लग्नाला उभी करायची थोरली. मुलाच्या बाबतीत तर भाऊ दाखवला, मित्र दाखवला, पगार भावाचा सांगितला, घर चुलत्याचे दाखवले, असे किती प्रकार घडले. आज त्यात फोनची भर पडली आहे. मुलगा बोलायला लाजतो म्हणून त्याचा भाऊ त्याच्या नावाने मुलीशी महिना-महिना बोलतो, गोड मेसेज पाठवतो. मुलगी त्या बोलण्यावर भाळते आणि लग्न लागते ते दुसऱ्याच माणसाशी. घरचे हसून म्हणतात, "अगं, मदत केली त्याला!" ही मदत नाही. तिने ज्या मनाला होकार दिला ते मन त्या भावाचे होते. नोकरीच्या परीक्षेला दुसऱ्याच्या नावाने बसणाऱ्याला आपण डमी उमेदवार म्हणतो आणि तो पकडला गेला की वर्तमानपत्रात छापून येते. मग लग्नातल्या डमीला आपण गंमत का म्हणावे?

आता कायदा काय सांगतो ते पाहू. आपले बौद्धांचे विवाह १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखाली येतात, कारण त्या कायद्याच्या कलम २मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा समावेश आहे. कायद्याच्या नावाबद्दल आपल्या समाजात नाराजी आहे आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणीही आहे. ती आपल्या जागी योग्यच. पण स्त्रीला घटस्फोटाचा आणि फसवणुकीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले होते, आणि ते बिल रखडवले गेले म्हणून १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण विसरू नये. १९५५चा कायदा त्याच धडपडीतून आला. त्यातला जो हक्क आपल्या लेकीच्या कामाचा आहे तो तिला माहीत असलाच पाहिजे.

त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, विवाहविधी कसला आहे याबद्दल किंवा समोरच्या पक्षासंबंधीच्या महत्त्वाच्या गोष्टीबद्दल फसवून संमती घेतली असेल, तर कोर्टाकडून असा विवाह रद्द करून घेता येतो. 'महत्त्वाची गोष्ट' हे शब्द १९७६च्या दुरुस्तीने आले. त्याआधी फसवणूक या शब्दाचा अर्थ फार अरुंद घेतला जाई. पण दोन अटी नीट लक्षात ठेवा. फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आणि उघड झाल्यानंतर ती स्वखुशीने त्याच्याबरोबर नांदली, तर हा अर्ज चालत नाही. "जरा दिवस जाऊ दे, मग पाहू" हा मोठ्यांचा सल्ला इथे लेकीचे दार बंद करतो. दरम्यान मूल झाले असेल तर भिऊ नये. विवाह रद्द झाला तरी ते मूल कायद्याने औरसच राहते.

नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४च्या विशेष विवाह कायद्याने लग्न झाले असेल, तरी फसवणुकीच्या कारणावरून ते रद्द करून घेता येते आणि तिथेही मुदत एक वर्षाचीच आहे.

हे झाले दिवाणी. फौजदारी कायदा याहून कडक आहे. एखादा माणूस आपण त्या बाईचा नवरा नाही हे जाणून असतो आणि ती त्याला आपला नवरा समजून संमती देते, तर ती संमती कायदा मानत नाही. तो बलात्कार ठरतो. ही तरतूद जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५मध्ये होती आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३मध्येही आहे. शिक्षा कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. ओळख लपवून लग्नाच्या नावाखाली संबंध ठेवणे हा नव्या संहितेच्या कलम ६९खाली वेगळा गुन्हा आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे यालाही कलम ३१९खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपण ज्याला थट्टा म्हणतो त्याला कायद्यात कलम आहे, हे घरातल्या तरण्या पोरांना वेळीच सांगून ठेवावे.

इथपर्यंत वाचून एखादा जाणता वाचक विचारील, "मग सोंग घेणे नेहमीच पाप का? आपल्या माणसांना तर सोंग घ्यावेच लागले." हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

१९८८ साली आलेला 'अशी ही बनवाबनवी' आपण सगळ्यांनी पाहिला. पुण्यात खोली मिळत नाही म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात. आपण पोट धरून हसलो. पण पुण्यात खोली मिळत नाही म्हणजे काय, हे आपल्या माणसांनी हसून अनुभवलेले नाही. आडनाव विचारले गेले की खोली 'कालच गेली' व्हायची. बाबासाहेब स्वतः परदेशात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या सरायीत पारशी नाव लावून राहावे लागले. तेही फार दिवस टिकले नाही. काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. एवढा विद्वान माणूस, आणि रात्रीच्या निवाऱ्यासाठी दुसऱ्याचे नाव! बाबुराव बागुलांच्या १९६३च्या कथासंग्रहाचे नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. ते नाव वाचताना आपल्या घराघरातले कोणी ना कोणी आठवते.

तेव्हा दोन सोंगांतला फरक नीट समजून घ्या. बडोद्यात जे नाव बदलले गेले, त्याने कोणाचे काही हिरावले नाही. उलट ज्या समाजाने माणसाला खऱ्या नावाने निवारा दिला नाही, लाज त्या समाजाची. दुबळ्याने आपला जीव वाचवण्यासाठी बलवानापुढे घेतलेले ते सोंग होते. लग्नातले सोंग याच्या नेमके उलट आहे. तिथे ज्याच्या हातात सगळी माहिती आहे तो, जिच्या हातात काहीच नाही तिला फसवतो. घरमालकापुढे आडनाव लपवणारा स्वतःला वाचवतो. जिला जन्माची जोडीदार म्हणायचे तिच्यापुढे आपण कोण हे लपवणारा तिला लुबाडतो.

हाच नियम आपल्या प्रेम करणाऱ्या मुलामुलींनाही लागू आहे. कॉलेजात, कंपनीत दुसऱ्या जातीच्या जोडीदारावर प्रेम बसते. आंतरजातीय विवाहाने जात मोडेल असे बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हा अशा प्रेमाला या सदराचा विरोध असण्याचे कारणच नाही. पण काही मुले भीतीपोटी आडनाव बदलतात, वस्ती लपवतात, दुसऱ्याच घराचा पत्ता सांगतात. भीती समजण्यासारखी आहे. तरी लग्नाचा शब्द देण्याआधी खरे सांगून टाका. जी आपले खरे नाव ऐकून पाठ फिरवते ती लग्नानंतरही फिरवणारच होती. आणि जी ऐकून थांबते, तिच्याबरोबर जात खरोखर मोडते. लपवून केलेल्या लग्नात जात मोडत नाही, ती फक्त उशाखाली दडून बसते.

आपल्या धम्मात या प्रश्नाचे उत्तर फार साधे आहे. पंचशीलातले तिसरे शील व्यभिचारापासून दूर राहण्याचे आणि चौथे खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे. जुळ्या भावाचे सोंग घेऊन त्याच्या पत्नीजवळ किंवा प्रेयसीजवळ जाणारा दोन्ही शिले एका वेळी मोडतो. राजगृहाजवळ भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. त्यात पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्याकडे द्यावा, तिला वस्त्रालंकार द्यावेत असे सांगितले आहे. पत्नीनेही कामाची नीट व्यवस्था ठेवावी, दोन्हीकडच्या आप्तांचे आदरातिथ्य करावे, एकनिष्ठ राहावे, मिळवलेले सांभाळावे, कामात दक्ष असावे. कर्तव्ये दोघांनाही पाच-पाच. निष्ठा दोघांच्याही यादीत आहे. आपल्या विवाहात वधूवर ज्या प्रतिज्ञा घेतात त्या याच उपदेशावर आधारलेल्या आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या विवाहविधीत अंतरपाट नसतो. वधू आणि वर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, भर मंडपात, उघड्या चेहऱ्याने उभे राहतात आणि आपापल्या तोंडाने प्रतिज्ञा म्हणतात. दुसऱ्याने त्यांच्या वतीने बोलायचे नसते. पाहण्याच्या दिवशीही हाच नियम का नसावा?

म्हणून आईबापांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वधूवर परिचय मेळाव्यात किंवा घरी स्थळ पाहताना मुलाला आणि मुलीला समोरासमोर बोलू द्या, एकदा नाही, दोन-तीनदा, आणि दिवसाउजेडी. मुलाला जुळा भाऊ असेल तर तो पहिल्याच भेटीत समोर यावा, दोघे शेजारी बसावेत, घरच्यांनी दोघांतला फरक हसत-खेळत सांगावा. ज्या घरात लपवण्यासारखे काही नाही ते घर हे आनंदाने करील. फोनवर बोलणे चालू असेल तर अधूनमधून प्रत्यक्ष भेट घडवा आणि फोनवर झालेल्या बोलण्याची आठवण समोर काढा. ज्याने बोलले त्यालाच ती येते. मुलगा कामाला कुठे, हे त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन पाहा. खडकी, दापोडी, येरवडा, पर्वती पायथा, ताडीवाला रोड, एवढ्या अंतरात आपली माणसे सगळीकडे आहेत, चौकशी अवघड नाही. लग्नाची नोंदणी करून घ्या.

मुलीला सासरी पाठवताना एवढेच सांगा, की काही विपरीत वाटले तर आधी आम्हाला सांग. आणि तिने सांगितले तर तिचे ऐका. "तुझाच काहीतरी गैरसमज झाला असेल" हे वाक्य तोंडात येईल तेव्हा ते गिळा. तिला लगेच परत धाडू नका. कोणत्या दिवशी काय झाले ते तारखांसह लिहून ठेवा, फोनवरचे मेसेज पुसू नका. नवरा आणि त्याचा भाऊ यांपैकी कोण कोणत्या दिवशी पाळीला कामावर होता, याची हजेरी कारखान्यात असते. जुळ्यांच्या प्रकरणात डीएनएपेक्षा असाच पुरावा उपयोगी पडतो. तातडीची मदत लागली तर ११२ वर किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करावा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून मागे राहू नका. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, अनुसूचित जातींच्या लोकांनाही मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९९०च्या दुरुस्तीमुळे बौद्ध झालेले अनुसूचित जातींचे लोकही त्यात येतात. पुण्यात शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. विवाह रद्द करण्याचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात चालतो.

शेवटी जुळ्या मुलांच्या आयाबापांना एक विनंती. लहानपणी दोघांना एकसारखे कपडे घालून, एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारून आपण पाहुण्यांना हसवतो. शाळेत एकाच्या जागी दुसरा उभा राहिला की कौतुक करतो. पाच वर्षांच्या मुलांची ती गंमत आहे. पण मिसरूड फुटू लागले की दोघांना बसवून सांगा, की बाळांनो, चेहरा तुम्हाला निसर्गाने एक दिला असला तरी शब्द प्रत्येकाचा स्वतःचा आहे. भावाच्या नावाने कोणाला शब्द द्यायचा नाही, आणि भावाला दिलेला शब्द आपण घ्यायचा नाही.

सप्रेम जयभीम.